आखणी करू नये

१

मेलेल्या माणसाला डोळे देणं हा माझा धंदा होता. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यात तसं काही नव्हतं. आमच्या भागात माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो काढावा हे कुणाच्या डोक्यात येत नसे. तो गेला, अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवला, की मग पळापळ व्हायची, फोटोवाल्याला बोलवा म्हणून. फोटोत साहजिकच डोळे मिटलेले. तसा फोटो भिंतीवर लावून हार कसा घालणार? मग ती प्रत माझ्याकडे यायची आणि मी मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशनं उघडे डोळे रंगवायचो. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात, त्याला आखणी म्हणतात. आम्हीही तोच शब्द उचलला होता.

ही विद्या मला साताऱ्याच्या शरच्चंद्र वैशंपायनांनी शिकवली. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे वाईचे. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात फोटोग्राफर होते. तोफा, डागडुजी, संचलनं, बंदरात लागलेल्या बोटी, जे सांगतील त्याचे फोटो काढायचे. परत आले ते साताऱ्यात, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर त्यांनी स्टुडिओ मांडला. गिऱ्हाइकाचा फोटो काढताना ते कधी त्याच्या डोळ्यांत बघत नसत. खाली मान घालून म्हणायचे, "हं, हलू नका." आम्ही पोरं मागे नकला करायचो.

१९७२च्या डिसेंबरात अण्णा गेले. फेब्रुवारीत मुंबईहून नौदलाच्या एका कचेरीचं पत्र आलं की युद्धातल्या निगेटिव्ह असतील तर जपून ठेवायच्या आहेत, यादीसह पाठवाव्यात. त्यांच्या पत्नी गोदावरीकाकूंनी पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"बाळासो, तूच कर बाबा. मला त्या पेटीला हात लावायचा नाही."

मी आनंदानं कबूल केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२

काम सोपं होतं. पेटीत चारशेच्या वर निगेटिव्ह, प्रत्येक वेगळ्या लिफाफ्यात, लिफाफ्यावर आकडा. सोबत एक जाड वही. वहीत आकडा, तारीख, बोटीचं नाव, माणसं असतील तर त्यांची नावं आणि गावं. अण्णांचं अक्षर टपोरं. यादी परिपूर्ण व्हावी म्हणून मी एक आगाऊपणा केला. वहीतल्या सातारा-सांगलीकडच्या सगळ्या नावांची गावं काढून तिथल्या सरपंचांना कार्डं टाकली की अमुक माणसाचा युद्धातला फोटो आमच्याकडे आहे, घरचं कुणी असल्यास कळवावं. निगेटिव्ह बघण्याच्या आधीच कार्डं टाकली. तिथंच चुकलं.

पेटीच्या तळाशी काळ्या फडक्यात बांधलेले अकरा लिफाफे होते. मी एकेक निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. अकराही चेहरेच. गळ्यापर्यंत जाड कापड, खाली लाकडी फळ्या, डोळे मिटलेले. बोटीवर कुणी मेला की त्याला कापडात शिवून समुद्रात सोडत. कापड तोंडापर्यंत शिवत आणण्याआधी अण्णांनी हे फोटो काढले होते. कुणी सांगितलं म्हणून की स्वतःहून, ते वहीत नव्हतं.

पण या अकरा नोंदींपुढे लाल शाईनं एकच शेरा होता. आखणी करू नये.

मला हसू आलं. ज्यानं मला आखणी शिकवली त्यानंच हे लिहावं! मी अकरा लिफाफे पुन्हा फडक्यात बांधले आणि चहा प्यायला खाली उतरलो.

३

मार्चच्या एका सकाळी दोन बाया जिना चढून आल्या. पुढची तिशीची, धडधाकट. मागची पन्नाशीच्या आतली, पण आजारानं पार वाळलेली. दर दोन पायऱ्यांनी थांबत होती. तिच्या कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू आणि हातात हिरवा चुडा.

"आटपाडीकडनं आलोय," पुढची म्हणाली. "मी अंजना. ही माजी आई, बनुबाई. हितल्या दवाखान्यात दाखवाय आणलीती. डाक्टर म्हनले, घरला न्या."

म्हातारी म्हणावं तर म्हातारी नव्हे, ती बाई माझ्या खुर्चीत टेकली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"दादा, तुमचं कारड आलंय. आमच्या धन्याचं चित्तर हाय म्हनं तुमच्याकडं."

"नाव काय त्यांचं?"

तिनं मान वळवून लेकीकडे बघितलं. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती.

"आकाराम," अंजना म्हणाली.

मी वही उघडली. आकाराम, तालुका आटपाडी, बोटीच्या भट्टीवर कोळसा टाकणारा. एप्रिल १९४३. आकडा काळ्या फडक्यातला.

बनुबाई सांगत होती. दिवाळी करून तो गेला तेव्हा अंजना पोटात होती. पुढं एक तार आली, गावातल्या मास्तरांनी वाचली. माणूस बेपत्ता. बस. आकारामची बोट त्या मे महिन्यात कागदपत्रांसकट बुडाली होती, अण्णा पेटीसह त्याआधीच दुसरीकडे गेलेले, तेव्हा विचारायचं कुणाला? तेव्हापासून तीस वर्षं ती कुंकू लावत होती. गावानं दोनदा पुसायला लावायचा प्रयत्न केला. तिनं पुसू दिलं नाही. मेल्याचा निरोप नाही, मग मी रांडव कशी, एवढाच तिचा सवाल.

"आता माजं काय खरं न्हाई," ती म्हणाली. "महिना, दोन महिनं. मला येवढंच सांगा दादा. मला हिरव्या लुगड्यात न्यायची का पांढऱ्यात? त्येवढं कळलं की मी सुटले."

अंजना खिडकीबाहेर बघत होती. तिच्या हाताची मूठ आवळलेली मला दिसली.

आमच्याकडे सवाष्ण मेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात, मळवट भरतात, सगळ्या गावच्या बाया पाया पडतात. विधवेला यातलं काही नाही. मला खरं ठाऊक होतं. ते दहा हातांवर, फडक्यात बांधलेलं होतं. आणि ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

"शोधावं लागेल, मावशी," मी म्हणालो. "डोळे कसे होते त्यांचे?"

"घारं," ती लगेच म्हणाली, आणि त्या वाळलेल्या तोंडावर लाज आली. "मांजरावानी घारं."

४

त्याच दुपारी मी प्रत काढली. कापड दिसू नये म्हणून हनुवटीखाली कापली. आकाराम विशीतला देखणा पोरगा होता, कपाळावर कोळशाचा डाग तसाच. मग मी ब्रश घेतला. एका बाईला सुखानं मरू द्यावं, यात पाप कसलं? अण्णांचा शेरा मला आठवला नाही असं नाही. पण अण्णा आता नव्हते.

घारे डोळे काळ्या-पांढऱ्यात उतरवणं सोपं नाही. बुबुळ फिकट ठेवून कड गडद करावी लागते. शेवटी दोन्ही डोळ्यांत पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला. त्या ठिपक्यानं डोळ्यात जीव येतो. माझी एक खोड आहे, डावीकडचा ठिपका माझ्याकडून नेहमी जरा वर जातो. अण्णा त्यावरून टपल्या मारायचे.

काम झाल्यावर बघितलं तर आकाराम माझ्याकडे बघत होता. उत्तम साधलं होतं.

प्रत टिपकागदावर ठेवून मी घरी गेलो. सकाळी आलो तर ती ओली.

त्या वर्षी दुष्काळ होता. साताऱ्यातसुद्धा नळाला दिवसाआड पाणी. हवा इतकी कोरडी की ओठ फाटत, अर्ध्या तासात प्रत वाळून पापडासारखी वळायची. ही रात्रभरात वाळली नव्हती. टिपकागद चिंब झाला होता. मी दुसरा बदलला. दुपारी तोही चिंब.

पाणी कमी म्हणून प्रत नीट धुतली गेली नसेल, रसायन राहिलं असेल आणि तेच हवेतलं पाणी ओढत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खात्री करायला बोट लावून जिभेवर ठेवलं. आमच्या धंद्यात जुनी माणसं असं करतात. ते रसायन किंचित गोड लागतं.

हे खारट होतं. मिठागरात तोंड घातल्यासारखं खारट. मी तीन वेळा चूळ भरली, पाण्याची चंगळ नसताना.

तिसऱ्या दिवशी अंजना एकटी आली. मी प्रत मेणकागदात गुंडाळून तिला दिली आणि खोटं बोललो. "हा फोटो लढाई संपल्यावरचा आहे. म्हणजे बोट बुडाली तेव्हा ते बोटीवर नव्हते. पुढचं मला माहीत नाही."

अंजनानं कागद जरा उघडून बघितलं. बापाला ती पहिल्यांदा बघत होती. तिनं पदरानं प्रतीवरचं पाणी टिपलं.

५

बारा दिवसांनी ती परत आली. मला वाटलं, बनुबाई गेली.

"न्हाई," अंजना म्हणाली. "उलट बरी हाय. उठून बसती. चार घास खाती." मग म्हणाली, "दादा, तुमी आमच्या बाला आमचा पत्ता दिलासा व्हय?"

"मी कशाला देऊ? मला काय माहीत ते कुठं..."

"आई म्हनती, त्येनी आल्यात. आतल्या खोलीत जोंधळ्याच्या कणगीपाशी बसल्यात म्हनं. मी आत जाऊन बघितलं, कुनी न्हाई. पर जमीन वली हाय. सारवल्यावानी न्हवं, वली. गावातल्या हिरी आटल्यात दादा, घागरीसाठी बाया मैलभर चालत्यात. आन आमच्या घरात थेंब पडत्यात, दुपारच्याला. वर बघावं तर पत्रा तापलेला. आन माठातलं पानी..."

"खारट," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणायला नको होतं.

मी तिला शंभर कारणं सांगितली. आजारी माणसाला भास होतात. आटपाडीकडे आटत्या विहिरींचं पाणी मचूळ होतंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. ती ऐकून घेत होती, माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत.

ती बाहेर बाकावर थांबली आणि मी घाईनं काकूंकडे गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, अण्णांनी त्या अकरांतल्या कुणाची आखणी केली होती?"

काकूंचा हात थांबला.

"एकाची. आल्या आल्या, सेहेचाळीस साली. मेढ्याकडची कुणी आई होती, फार रडली यांच्यापाशी."

"मग?"

"मग हे तिच्या घरी गेले, आणि चार दिवसांनी आले. मला म्हणाले, गोदे, माझ्याकडे बघू नकोस." काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "तू केलीस का रे बाळासो?"

मी तडक माडीवर परत आलो. टेबलावरचं रंग खरवडायचं पातं कागदात गुंडाळून खिशात घातलं आणि अंजनाबरोबर स्टँडवर गेलो.

६

विट्याला गाडी बदलून, तिथं मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही पोचलो. आटपाडीपासून पुढं दीड कोस चालत. शेतं भाजून पांढरी पडलेली. वाटेत एक बाई डोक्यावर रिकामी घागर घेऊन येत होती, तिनं अंजनाला विचारलं, "तुज्या आईकडं पावना आलाय म्हनं?" अंजना न थांबता पुढं गेली.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बनुबाई वाकळेवर बसली होती, नवं हिरवं लुगडं नेसून. तोंड आतल्या खोलीच्या दाराकडे. प्रत दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली, तिच्याखाली भिंतीवर ओला ओघळ.

मला समुद्राचा वास माहीत नाही. मी कधी समुद्र बघितलेला नाही. पण त्या घरात जो वास होता तो आमच्याकडच्या कुठल्याच गोष्टीचा नव्हता.

"या दादा," बनुबाई म्हणाली. "बरं झालं आलासा. तुमास्नी बलवायला सांगनारच हुते."

टप्. आत कुठंतरी थेंब पडला. थोड्या वेळानं पुन्हा, टप्.

"बरं वाटतंय का मावशी?"

"मला लय बरं हाय. पर धनी झोपंनात."

मी अंजनाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"पयल्या दिशी मला वाटलं, दमून आल्यात, निजतील. वाकळ हातरली. न्हाई. बसूनच. बोलत न्हाईत, जेवत न्हाईत. नुस्तं बघत्यात." तिचा आवाज खाली आला. "डोळंच मिटंनात त्येंचं, दादा. मी जवळ जाऊन हात फिरवला पापन्यावरनं. पापन्या मिटलेल्याच हायेत. डोळं वरनं हायेत."

हे तिला कुणी सांगणं शक्य नव्हतं. प्रतीतसुद्धा इतकं दिसत नव्हतं, मी काम चोख केलं होतं.

मी आत बघणार नव्हतो, असं वाटेतच ठरवून आलो होतो. पण टप् झालं आणि मान वळली. आतल्या खोलीत खिडकी नव्हती. अंधारात कणगीचा फुगीर आकार कळत होता. तिच्या शेजारी, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, दोन पांढरे ठिपके होते.

पत्र्याला भोकं असतील, उन्हाचे कवडसे असतील. मी वर बघितलं. पत्रा धड होता. पुन्हा खाली बघितलं. एका बाजूचा ठिपका दुसऱ्यापेक्षा जरा वर होता.

माझ्या हातचं काम मी ओळखतो.

७

मी जमिनीवर बसलो आणि बनुबाईला सगळं सांगितलं. कापड, फळ्या, मिटलेले डोळे, वहीतली तारीख, माझं खोटं. अंजना रडायला लागली. बनुबाई रडली नाही. ती दाराकडे बघत होती.

"म्हंजे तीस वरीस निजलं हुतं त्येनी," ती म्हणाली. "आन तुमी उठवलंसा."

"चुकलं माझं."

"तुमचं कसलं. माज्यापायीच न्हवं?" तिनं हात पुढं केला. "डोळं काडता येत्यात न्हवं परत?"

मी खिशातून पातं काढलं. तिनं ते बघून मान हलवली.

"थांबा. आदी माजं. अंजे, वला फडका आन."

अंजनाला कळलं आणि ती किंचाळलीच. "आई, न्हाई! मग पांढऱ्यात जाशील तू. आजवर सगळ्या गावाशी भांडलीस त्येच्यासाठी!"

"जाईन की पांढऱ्यात." बनुबाई लेकीची समजूत घालत होती, जत्रेला नेत नाही म्हणून पोराची घालावी तशी. "मी निजले की तीस वरीस सवाष्णीची. आता त्येंना निजू दे."

अंजना उठेना. तेव्हा बनुबाईनंच पदराचं टोक प्रतीखालच्या ओघळात भिजवलं आणि कपाळ पुसलं. दोनदा, तीनदा, नीट. मग चुडा वाकळेशेजारच्या दगडावर आपटला. मला त्या आवाजानं भडभडून आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आता करा," ती म्हणाली.

मी प्रत मांडीवर घेतली. पातं उजवीकडच्या डोळ्यावर हलकं धरून रंग खरवडला. खालून पापणी निघाली, शांत, मिटलेली. मी मान वर केली नाही, पण बनुबाई आत बघत होती, आणि तिनं श्वास आत ओढलेला मी ऐकला. "येक मिटला," ती पुटपुटली.

मी पातं दुसऱ्या डोळ्यावर धरलं. आत कुणीतरी हललं. ओलं, जड कापड जमिनीवरून ओढलं जावं तसा आवाज आला, कणगीकडून दाराकडे. अंजनानं माझा दंड घट्ट धरला. तिची नखं रुतली. मी पातं ओढलं, पुन्हा ओढलं. माझ्यासमोर, मांडीपासून हातभर अंतरावर, सारवलेली जमीन काळी पडत गेली, दोन पावलांएवढी. मी फक्त तेवढंच बघितलं. वर बघितलं नाही. देवाशपथ वर बघितलं नाही.

"निजा आता," बनुबाई हवेत हात फिरवत म्हणाली, तान्ह्या पोराच्या तोंडावरून फिरवावा तसा. "निजा."

मग कसलाच आवाज राहिला नाही.

८

तिसऱ्या दिवशी पहाटे बनुबाई गेली. मी तिथंच होतो, जायचा धीर झाला नव्हता.

गाव गोळा झालं. बाया आल्या त्या हिरवं लुगडं, हळदकुंकू, ओटीचं खण-नारळ घेऊनच, कारण तीस वर्षं तिनं सगळ्यांना तेच बजावलं होतं. अंजना दारात पांढरं पातळ घेऊन उभी राहिली. बायांत कुजबुज सुरू झाली. गावचे जाणते लालासाहेब पुढं आले.

"अंजे, ही काय रीत? नवरा मेल्याचा निरोप आलाय का? कागद हाय का? सवाष्णीला पांढरं नेसवायचं पाप गावाच्या माथी मारतीस व्हय?"

अंजनानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांनी बघितलंय."

सगळे माझ्याकडे वळले. लालासाहेब चार पावलं जवळ आले आणि त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अनोळखी माणूस, शहरी सदरा, तीन दिवसांची दाढी.

"तुमी आकारामला मेलेला बघितलाय?"

"हो."

"सवताच्या डोळ्यानं?"

"हो."

"कवा?"

मला वहीतली तारीख तोंडपाठ होती. एप्रिल १९४३, बोटीचं नाव, लिफाफ्याचा आकडा. मी तेच सांगायला तोंड उघडलं.

"परवा दुपारी," मी म्हणालो.

लालासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. ते बाजूला झाले आणि बायांनी हिरवं लुगडं घडी करून परत नेलं.